थांबेल तो तोक्तार

कझाक घरात एकापाठोपाठ दोन-तीन बाळं दगावली आणि मग पुन्हा मुलगा झाला, की पुष्कळदा त्याचं नाव तोक्तार ठेवायचे. ‘तोक्ता’ म्हणजे थांब आणि ‘तोक्तार’ म्हणजे थांबेल. आधीचे थांबले नाहीत, हा थांबेल. ह्या कुळातली नावं त्या भाषेत बरीच आहेत. तुर्सिन म्हणजे राहो. तुरार म्हणजे टिकेल. तोक्तासिन म्हणजे थांबो. आणि तोलेगेन म्हणजे भरून दिलेला, गेलेल्याच्या बदल्यात आलेला. मागे बेक किंवा बाय लावला की तुर्सिनबेक, तुर्सिनबाय असं भारदस्त नाव होतं, पण मूळचा शब्द स्वयंपाकघरातलाच, रोजच्या बोलण्यातला. आईने देवाकडे तोंड करून जे म्हटलं, तेच नाव म्हणून पोराला चिकटलं.

सत्तरच्या दशकात शाळेत गेलेल्या आमच्या पिढीला कझाकस्तान हा वेगळा देश म्हणून ठाऊक नव्हता. तो ‘रशियात’ होता. घरोघर गुळगुळीत कागदाची सोव्हिएत मासिकं यायची, ती वाचून झाली की जूनमध्ये आम्ही भावंडं कात्री आणि खळीची वाटी घेऊन बसायचो आणि वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायचो. माझ्या भूमितीच्या पुस्तकावर वर्षभर आल्मा-आताची सफरचंदं होती, एकेक लहान मुलाच्या डोक्याएवढं. भावाच्या इतिहासावर ट्रॅक्टर होता. पहिली ते दहावी असे सगळे चुलत, आत्ये, मामे एका सुट्टीत एकत्र आले की कुणाला कुठलं पान मिळणार ह्यावरून रडारड व्हायची. पानावरच्या माणसांची नावं आम्ही मोठ्याने वाचायचो आणि जीभ अडखळली की हसायचो.

मग १९८४चा एप्रिल आला. राकेश शर्मा ३ एप्रिलला अंतराळात निघाले ते बायकोनूरहून, आणि ११ तारखेला परत जमिनीवर उतरले ते अर्कालिक गावाजवळच्या माळावर. ही दोन्ही ठिकाणं कझाक मुलखातली. आमच्या आळीत तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. इंदिराबाईंशी झालेलं बोलणं सगळ्यांना पाठ झालं. पण आजीचा प्रश्न निराळाच होता. तो उतरला त्या रानात जवळपास माणसं आहेत का, आणि त्याला कुणी पाणी दिलं का, असं तिने दोनदा विचारलं. आम्हाला कुणालाच उत्तर देता आलं नाही.

त्या रानातली माणसं मला पुढे कितीतरी वर्षांनी भेटली. त्याआधी १९९१च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रात एक लहानशी बातमी आली होती. बायकोनूरहून २ तारखेला गेलेल्या सोयूझ यानात प्रथमच एक कझाक माणूस होता, तोक्तार औबाकिरोव्ह. सोव्हिएत संघ तेव्हा अखेरच्या घटका मोजत होता. १६ डिसेंबरला कझाकस्तान स्वतंत्र झाला. तोक्तार १९४६ साली जन्मलेला, पेशाने चाचणी वैमानिक. १ नोव्हेंबर १९८९ला ‘तिबिलिसी’ ह्या विमानवाहू जहाजावर मिग-२९के हे विमान त्याने उतरवलं आणि त्याच डेकवरून उडवूनही दाखवलं. त्याच घराण्यातली विमानं पुढे आपल्या नौदलात आली. गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर त्यांचा तळ आहे. सुट्टीला गोव्याला जाताना विमानाच्या खिडकीतून आपण ती पाहतो, आणि ज्याने ती समुद्रावर पहिल्यांदा टेकवली त्याच्या नावाचा अर्थ ‘थांबेल’ असा आहे, हे मला भारी अर्थपूर्ण वाटतं. त्याच्या आईवडिलांच्या मनात ते नाव ठेवताना नेमकं काय होतं, हे तेच जाणोत. मी नावाचं बोलते आहे.

नोकरीनिमित्त काही काळ अल्माटीत राहणं झालं तेव्हा ज्या घरात माझी खोली होती, तिथल्या आजींना सगळे ‘आपा’ म्हणत. मीही आपाच म्हणू लागले. त्यांचा चहा देण्याचा थाट बघत बसावा असा. दस्तरखान अंथरलेला, त्यावर तळलेले गोल बाउर्साक विखुरलेले, आणि आपा केसेमध्ये, म्हणजे बिनकानाच्या वाटीसारख्या पेल्यात, दुधाचा चहा अगदी थोडा ओतायच्या. काठोकाठ भरला तर पाहुण्याला ‘पी आणि ऊठ’ असं सांगितल्यासारखं होतं. थोडा ओतायचा, म्हणजे पेला पुन्हा पुन्हा परत येतो, आणि गप्पा चालू राहतात. त्या गप्पांत आपा नवऱ्याचा उल्लेख ‘शाल’ असा करायच्या. शाल म्हणजे म्हातारा. एकदाही नाव नाही. मी एकदा त्यांच्या नातीला विचारलं, आजोबांचं नाव काय गं? तिने सांगितलं, आणि ते ह्याच कुळातलं निघालं. आजोबांच्या आधी तीन भावंडं गेली होती.

आणि मला एकदम आमचं घर आठवलं. आजीच्या माहेरी दोन दगडू होते, एक थोरला नि एक धाकटा. आळीत धोंडू होता, भिकू होता, केरबा होता. आम्हा मुलांना ती खेडवळ नावं वाटायची. शाळेत हजेरी घेताना एखाद्या धोंडिबाचं नाव आलं की मागच्या बाकावरून खसखस पिकायची, आणि तो बिचारा मान खाली घालून ‘हजर’ म्हणायचा. आजीने एकदा आम्हाला समोर बसवून सांगितलं की पोरं जगेनात तेव्हा ठेवतात रे ही नावं. बाळाला सुपात घालून केरावर ठेवायचं, शेजारणीने उचलून आणून द्यायचं, आणि आईने मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. तो झाला केरबा. देवापाशी भीक मागून मिळालेला भिकाजी. दगडाला काळ काय करणार, म्हणून दगडू. आजी हे सांगताना वाती वळत होती आणि हात थांबला नव्हता. तिची स्वतःची किती गेली ते तेव्हा आम्ही विचारलं नाही.

कझाक माळावर हीच चिंता, आणि उपायही असेच. बाळ जगावं म्हणून त्याला तात्पुरतं नात्यातल्या दुसऱ्या बाईला देऊन मग तिच्याकडून ‘विकत’ आणायचं. ज्या घरात पुष्कळ नातवंडं आहेत अशा म्हातारीच्या घोळाखालून बाळाला पलीकडे काढायचं, म्हणजे ते तिचं झालं. अनेक घरांतून चिंध्या गोळा करून त्यांचं अंगडं शिवायचं. सगळ्यात आवडला मला तो ‘इत-कोयलेक’चा रिवाज. इत म्हणजे कुत्रा, कोयलेक म्हणजे अंगडं. बाळाचं पहिलं अंगडं चाळीस दिवस त्याच्या अंगावर असतं. चाळिसाव्या दिवशी चांदीची नाणी किंवा अंगठी टाकलेल्या पाण्याचे चाळीस चमचे घालून बाळाला न्हाऊ घालतात, आणि त्या अंगड्यात खाऊ बांधून ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवतात. मग वस्तीतली सगळी पोरं आरडाओरडा करत कुत्र्यामागे धावतात. जो पकडेल त्याला खाऊ. ज्या चाळीस दिवसांत सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, ते असे पोरांच्या हसण्याखिदळण्यात संपवायचे. नाव मात्र गंभीरपणे ठेवतात. घरातला वडीलधारा किंवा मुल्ला बाळाच्या कानाशी अजान म्हणतो आणि तीनदा नाव सांगतो. आपल्याकडे हे काम आत्याचं.

तिथेही काळाच्या नजरेला फसवणारी ओबडधोबड नावं आहेतच. कुशिक म्हणजे कुत्र्याचं पिलू. झामानबाला म्हणजे वाईट पोर. तेझेक म्हणजे वाळलेलं शेण. झाडं नसलेल्या माळावर चुलीला तेच लागतं, आपल्या गोवरीसारखं. आणि कुणी असं समजू नये की ही गरिबाघरची नावं. एकोणिसाव्या शतकातला तेझेक हा तर खानांच्या वंशातला सुलतान होता. कझाकांचा मोठा विद्वान आणि प्रवासी शोकान वालिखानोव्ह १८६५ साली वारला तो ह्याच तेझेकच्या वस्तीत. शोकान हेसुद्धा घरातलं लाडाचं नाव. त्याचं ठेवलेलं नाव मुहम्मद खानाफिया. महाकवी अबाय कुनानबायेव्हचंही तसंच. कागदोपत्री इब्राहिम, पण आजी झेरे त्याला अबाय म्हणायची, म्हणजे सांभाळून, जपून चालणारा, आणि तेच नाव सगळ्या देशाने उचललं. आज त्या नावाने शहरं आहेत, विद्यापीठं आहेत. आजीने मारलेल्या हाकेला एवढं बळ मिळालेलं पाहून मन भरून येतं.

पण तोक्तार, तुरार, तोलेगेन ह्या नावांत फसवाफसवी नाही. त्यांत सरळ मागणं आहे, आणि म्हणून ती मला दगडू-धोंडूपेक्षाही जास्त लागतात. तोलेगेन तर लोककथेतला नायकच. ‘किझ झिबेक’ ह्या प्रेमकाव्यात बझारबाय नावाच्या धनवंताची आधीची मुलं हाती लागत नाहीत, आणि मग जो मुलगा राहतो तो तोलेगेन. तो झिबेकवर जीव लावतो, आणि प्रतिस्पर्धी बेकेझान त्याला वाटेत मारतो. ज्याला भरपाई म्हणून मागून घेतलं, तोच जातो. १९७०च्या सुमारास ह्यावर निघालेला चित्रपट कझाक घरांत अजून लावतात. आपा तो पाहताना ठरावीक जागी उठून आत जायच्या आणि तोलेगेन मेल्यावर बाहेर यायच्या.

एका शतकात ह्या कुळातल्या नावांवर काय काय गुदरलं, हे तीन माणसांवरून कळतं. पहिला तुरार रिस्कुलोव्ह, जन्म १८९४. त्याचा बाप रिस्कुल ह्याने एका जुलमी अंमलदाराचा जीव घेतला. त्याला व्हेर्नीच्या, म्हणजे आजच्या अल्माटीच्या, तुरुंगात टाकलं तेव्हा लहानगा तुरार बापाजवळ तुरुंगातच राहिला. मोठा होऊन तो सोव्हिएत सरकारात फार वर चढला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीची सामुदायिक शेती, जनावरांची जप्ती आणि भटक्यांना एका जागी बसवण्याचा हट्ट ह्यांतून कझाकस्तानात जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे १५ लाख माणसं मेली. मेलेल्यांत बहुतांश कझाक. वस्त्याच्या वस्त्या रित्या झाल्या, लोक चीनकडे, उझबेकांकडे, किर्गिझांकडे पळाले, वाटेत मेले. त्या काळात तुरारने थेट स्टालिनला पत्रं लिहिली, माणसं मरताहेत, पळताहेत, पोरं रस्त्यावर पडली आहेत म्हणून. ‘टिकेल’ अशा नावाच्या माणसाने दुसऱ्यांची पोरं टिकावीत म्हणून लिहिलेली ती पत्रं. १९३८ साली त्याला गोळी घातली.

दुसरा तोलेगेन तोक्तारोव्ह. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. मुलगा ‘भरून दिलेला’, आणि आडनावात ‘थांबेल’. सोव्हिएत काळात कझाकांची आडनावं बापाच्या किंवा आजोबाच्या नावाला ‘ओव्ह’ लावून होत, म्हणजे त्या एका घरात दोन पिढ्या हेच मागणं मागितलं गेलं होतं असं नावं तरी सांगतात. हा तोलेगेन पूर्व कझाकस्तानातला, दुसऱ्या महायुद्धात गेला. १९४२च्या हिवाळ्यात आघाडीवर मारला गेला तेव्हा जेमतेम विशीतला होता. मरणोत्तर त्याला सोव्हिएत संघाचा वीर ही पदवी मिळाली. तिसरा तो अंतराळात गेलेला तोक्तार. तो गेला आणि १० ऑक्टोबरला सुखरूप परत आला. नावाप्रमाणे.

युद्धानंतरच्या पिढीची नावंही पाहण्यासारखी आहेत. १९४५च्या आसपास जन्मलेले झेंगीस, म्हणजे विजय, पुष्कळ. मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टालिन ह्यांची आद्याक्षरं जोडून ‘मेल्स’ हे नावही कझाक घरांत ठेवलं गेलं. आणि गेलेल्यांची नावं परत आली. कझाकस्तानचे राष्ट्राध्यक्ष कासिम-झोमार्त तोकायेव्ह ह्यांचे वडील केमेल आणि चुलते कासिम हे दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले भाऊ, अनाथालयात वाढले. कासिम र्झेव्हच्या लढाईत पडले. केमेल जगले, कझाक भाषेत हेरकथा लिहिणारे पहिले लेखक झाले, आणि १९५३ साली मुलगा झाला तेव्हा त्याला भावाचं नाव दिलं. ‘भरून दिलेला’ हा अर्थ असलेलं नाव ठेवलं नाही, पण केलं तेच.

आपांनी नवऱ्याचं नाव न घेण्याचा जो रिवाज पाळला, त्याला ‘आत तेर्गेऊ’ म्हणतात. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, दिरांचं नाही, आणि त्या नावासारखा वाटणारा शब्दही टाळायचा. आमच्या आयांनी, आज्यांनी उखाण्याशिवाय नाव घेतलं नाही, ‘इकडून’, ‘तिकडून’, ‘अमक्याचे वडील’ असं म्हणत जन्म काढला. पण कझाक सुनांची अडचण मोठी, कारण तिथे माणसांची नावंच रोजच्या शब्दांतून होतात. ज्या घरात सासरा ‘राहो’ आहे, तिथे ‘राहू दे’ म्हणायचं कसं? ह्यावर तिकडे एक गोष्ट घरोघर सांगतात. एक नवी सून पाण्याला गेली. नदीपलीकडे, बोरूच्या बेटाजवळ, लांडगा मेंढी खात होता. सुरी आणि तिला धार लावायचा दगड हवा म्हणून ती घराकडे धावली. पण नदी, बोरू, लांडगा, मेंढी, सुरी, दगड ही सगळी सासरच्या माणसांची नावं. ती ओरडली: खळखळत्याच्या पलीकडे, सळसळत्याच्या अलीकडे, हू हू करणारा बें बें करणारीला खातोय, कापणारं घासणाऱ्यावर घासून लवकर आणा! आपा ही गोष्ट सांगायच्या तेव्हा अंगविक्षेपांसकट. नाती पोट धरून हसायच्या. मी त्यांना आपला उखाणा म्हणून दाखवला तेव्हा अर्थ समजावून सांगायला अर्धा तास लागला, पण शेवटी नाव येताच मी लाजले ते मात्र आपांना लगेच कळलं.

बायका नाव घेत नसत, आणि मुलांना मात्र नावं पाठच करावी लागत. ‘झेती आता’, म्हणजे सात बाप. बाप, आजा, पणजा असं करत सात पिढ्यांतल्या पुरुषांची नावं कझाक मुलाला न अडखळता म्हणता आली पाहिजेत, नाही तर तो अनाथासारखा वाढला असं समजतात. सात पिढ्यांच्या आत लग्न होत नाही, त्यासाठी ह्या यादीचा मूळचा उपयोग. आपल्याकडे श्राद्धाला तीन पिढ्या लागतात आणि तिसरीला गुरुजींसमोर चाचपडायला होतं. आपांचा सहा वर्षांचा नातू सात नावं एका दमात म्हणायचा, हात मागे बांधून, डोळे छताकडे. त्याच्या यादीत तिसरं नाव आजोबांच्या कुळातलंच होतं, ‘थांबेल’ ह्या अर्थाचं. त्याच्या स्वतःच्या वर्गात मात्र सान्झार, अलिखान, नुरसुलतान असली नावं. आता कझाकस्तानात वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण हजारी दहाच्याही खाली आलं आहे. तोक्तार ठेवायची वेळ घरांवर क्वचितच येते. हे फार चांगलं झालं, ह्याहून चांगलं काय असणार. पुष्कळ तरुण आडनावातला ‘ओव्ह’ही काढून टाकतात आणि बापाच्या नावापुढे ‘उली’, म्हणजे मुलगा, लावतात. त्या बापाच्या किंवा आजाच्या नावात अजून तोक्तार, तुर्सिन भेटतात.

आमच्याकडेही नवा दगडू झालेला नाही. माझ्या पिढीने ती नावं घरात हाक म्हणून ऐकली. पुढच्यांनी ती सातबाऱ्यावर वाचली.

अल्माटीहून आल्यावर मी चुलतभावाकडची वंशावळीची वही मागून घेतली. सुंदर अक्षरात नऊ पिढ्या. फक्त जगलेले, त्यातही फक्त पुरुष. दोन्ही दगडूंची पानं आजीच्या माहेरच्या वहीत मिळाली, आणि तिथे थोरल्या दगडूच्या वर कुणाचीच नोंद नव्हती, जणू तोच पहिला. गेल्या दिवाळीत आम्ही भावंडं जमलो तेव्हा ठरवलं की निदान आजीची गेलेली बाळं लिहायची. नाव ठेवलं असेल तर नाव, नसेल तर नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आत्याला विचारलं. ती म्हणाली तीन, त्यातली एक मुलगी सव्वा वर्षाची होऊन गेली, चालायला लागली होती, तिला बाई म्हणायचे. धाकट्या काकांना फोन लावला. ते म्हणाले चार, बाबांच्या आधीचा एक धरा, आईने मला सांगितलं होतं. आत्या म्हणाली मला कसं नाही सांगितलं. बराच वेळ ते दोघं फोनवर भांडत होते. शेवटी आम्ही चार लिहिले.